दूध संस्थेच्या रांगेत शिकायचं मोबाइल डिझाइन : नवशिक्यांसाठी सहा आठवड्यांचा सराव

मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन शिकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) उघडतात, दुसऱ्या दिवशी एखाद्या नावाजलेल्या अ‍ॅपची स्क्रीन हुबेहूब उतरवतात आणि आठवड्याभरात सावल्या नि गोल कोपरे यांत रमतात. त्यानं हात बसतो, हे खरं. पण ज्याच्यासाठी अ‍ॅप करायचं तो माणूस या सगळ्यात कुठेच भेटत नाही. म्हणून इथे उलट्या टोकानं सुरुवात केली आहे : आधी माणूस, मग कागद आणि शेवटी स्क्रीन. विषय एकच, मुदत सहा आठवडे, आठवड्याला आठ-दहा तास.

विषय असा : गावातल्या दूध संस्थेत दूध घालणाऱ्या उत्पादकाला आपलं रोजचं दूध, त्याची फॅट आणि दहा दिवसांचं बिल फोनवर कळावं. असली अ‍ॅप बाजारात आहेत, त्यामुळे नवं काही शोधून काढल्याचा आव आणायचा नाही. सरावाला हा विषय चांगला, कारण कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी, कुठेही जा, गावात संस्था असतेच. दूध दिवसातून दोनदा गोळा होतं, म्हणजे बघायची संधी आठवड्यात चौदा वेळा. शिवाय तिथे आकड्यांवर पैसे ठरतात, त्यामुळे कोणी उगाच ‘छान आहे’ म्हणून सोडून देत नाही. कोल्हापूर शहरात राहणाऱ्यांनीही घाबरू नये; मामाचं किंवा आत्याचं गाव बहुतेकांना असतं.

विषय बदलायचा असेल तर एक पथ्य पाळा. तुम्ही स्वतः रोज वापरता अशी गोष्ट घेऊ नका. आपल्याच सवयींना आपण सगळ्यांच्या गरजा समजतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधलं जॉबवर्कचं चलन, चप्पल लाईनमध्ये पायाचं माप घेऊन दिलेली ऑर्डर, इचलकरंजीतल्या मागावरच्या कामगाराचा पगाराचा हिशोब हे सगळे विषय चालतील. ‘कॉलेजच्या मुलांसाठी मेसचं अ‍ॅप’ मात्र नको.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे शब्दांचा गोंधळ होणार नाही. ‘वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून डिझाइन’ ही कल्पना डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या पुस्तकानंतर सर्वदूर पोहोचली. १९९९ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं; आजचं मानक आयएसओ ९२४१-२१० हे आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१९ ची. त्यात चार कामं फिरून फिरून करायला सांगितली आहेत : वापराची परिस्थिती समजून घ्या, गरजा नोंदवा, उपाय तयार करा, तपासा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे गाजलेल्या ‘डिझाइन थिंकिंग’च्या पाच पायऱ्यांमध्येही गाभा हाच आहे. नावांवरून वाद घालत बसू नका. दोन्हींत नवशिके एकाच जागी घसरतात : पहिली पायरी घरी बसून उरकतात.

पहिला आठवडा : नुसतं बघायचं

संस्थेच्या सचिवांना आदल्या दिवशी भेटून परवानगी घ्या. आपण शिकतोय आणि दूध संघाकडून आलेलो नाही, ही दोन वाक्यं पहिल्यांदा आणि मोठ्यानं सांगा. वही घेऊन काट्याशेजारी उभा राहिलेला अनोळखी माणूस तपासणीला आलाय असं लोकांना वाटतं आणि मग तुम्हाला रोजचं वागणं दिसतच नाही. चार खेपा करा : दोन सकाळी, एक संध्याकाळी आणि एक बिल वाटपाच्या दिवशी. बिलं साधारण दर दहा दिवसांनी निघतात, त्यामुळे तारीख आधी विचारून ठेवा.

उभं राहायची जागा अशी हवी की किटली काट्यावर रिकामी होताना दिसावी, सॅम्पल फॅट मोजायच्या मशीनला लागताना दिसावं आणि पावती हातात पडल्यावर पुढे तिचं काय होतं तेही दिसावं. वहीच्या पानावर पाच रकाने आखा : वेळ, कोण, हातात काय, काय केलं, पावतीचं काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पावती पदराला बांधली, किटलीच्या कडीत अडकवली, खिशात कोंबली, तिथेच कट्ट्यावर टाकली की दुसऱ्याकडून वाचून घेतली, जसं दिसेल तसं लिहा. वीस जणांचा वेळ मोजा : दूध काट्यावर आल्यापासून माणूस बाजूला होईपर्यंत किती सेकंद. हा आकडा पुढे कामाला येतो. पंधरा-वीस सेकंदांत बाजूला सरकणारी बाई तिथे उभी राहून फोनचं लॉक उघडेल, ही आशा त्यातच संपते.

या चार खेपांत प्रश्न विचारायचे नाहीत. अवघड जातं, पण विचारलं की लोक तुम्हाला समजावून सांगू लागतात आणि रांग बिघडते. हात ओले आहेत का, चष्मा घरी राहिलाय का, उजेड किती, मागचा माणूस घाई करतोय का, ‘फॅट किती लागली?’ हे कोण कोणाला विचारतं, हे सगळं न विचारता दिसतं.

आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून शोधा. संस्थेतला कोड ज्याच्या नावावर आहे, दूध घालायला जी येते आणि घरातला फोन ज्याच्याकडे असतो, ही तीन वेगळी माणसं असू शकतात. खातं सासऱ्याचं, किटली सुनेची आणि फोन नातवाचा. आता ‘वापरणारा’ म्हणून कोणाला धरायचं? या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यात कच्चं राहिलं तर पुढचे पाच आठवडे चुकीच्या माणसासाठी राबावं लागतं. ओटीपीचंच बघा. तो खात्याला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर शिरोली एमआयडीसीत ड्युटीवर असलेल्या मुलाचा असेल, तर सकाळी सात वाजता घरात कोणालाच अ‍ॅप उघडता येणार नाही. स्क्रीन कितीही देखणी असो.

पावतीही नीट हाताळून बघा. थर्मल कागदावरची छपाई ऊन, उष्णता आणि घर्षणानं पुसट होत जाते. खिशात घामानं ओली झालेली पावती दहाव्या दिवशी कोरी दिसली तर नवल नाही. डॉट मॅट्रिक्सवरच्या पावतीला हा त्रास नसतो. तुमच्या गावात कोणती आहे, यावर लोक बिल कसं पडताळतात ते बरंचसं ठरतं.

फोटो काढताना माणसांचे चेहरे, नाव आणि खाते क्रमांक येऊ देऊ नका. आलेच तर त्याच दिवशी झाका. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी गावात परत जायचं असेल तर एवढं पाळावंच लागतं.

दुसरा आठवडा : सहा मुलाखती

सहा जण पुरेत, पण सहाही जण एकाच साच्याचे नकोत. एक म्हैस असलेलं घर, दहा-बारा जनावरांचा गोठा, स्मार्टफोन न वापरणारी आजी, घरातला फोनवाला मुलगा, दोन संस्थांत दूध घालणारा आणि स्वतः सचिव. वेळ दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान धरा. वैरण-शेण आवरलेलं असतं. मुलाखत अर्धा तास, जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा आणि सहा आठवड्यांनी पुसणार असल्याचं सांगा.

नवशिक्यांचा ठरलेला प्रश्न : ‘फोनवर फॅट बघायला मिळाली तर आवडेल का?’ त्याचं कोल्हापुरातलं ठरलेलं उत्तर : ‘चालतंय की!’ हे उत्तर माहिती म्हणून वहीत लिहू नका. दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, एवढंच त्यातून कळतं. पुढे काय कराल हे विचारूच नका, मागे काय केलंत ते विचारा :

‘मागचं बिल हातात आलं तेव्हा पहिल्यांदा काय बघितलं?’
‘आकडा पटला नाही, असं शेवटचं कधी झालं? मग कोणाकडे गेलात?’
‘मावशी, ही पावती मला वाचून दाखवता?’
‘पेंडीचे पैसे कापलेत ते तुम्हाला कुठून कळतं?’

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. पावतीवरचं काय वाचलं जातं, काय वगळलं जातं आणि कोणत्या शब्दानं म्हटलं जातं, हे एका फटक्यात कळतं. ‘एसएनएफ’ला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कोणी ‘एसेनेप’ म्हणेल, कोणी तो आकडा सोडूनच देईल, कोणी अजून लॅक्टोमीटरची ‘डिग्री’च म्हणत असेल. आहे तसं लिहून घ्या. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प बसा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या पाच आकड्यांनंतर येते.

घरातल्या बाईंशी बोलताना मुलगा किंवा दीर मध्येच उत्तर देऊ लागतो. त्याला ‘दादा, तुमच्याशी नंतर वेगळं बोलायचंय’ असं सांगून खरोखरच वेगळं बोला. आणि तुमची बोली पुण्या-मुंबईची असेल तर ओढूनताणून कोल्हापुरी बोलू नका. लोक हसतात, आणि बरोबरच करतात.

तिसरा आठवडा : चिठ्ठ्या आणि एक वाक्य

वह्या समोर ठेवा आणि एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण लिहा. चार खेपा आणि सहा मुलाखतींतून साठ ते शंभर चिठ्ठ्या निघाव्यात. तिसाच्या आत निघाल्या तर बघणं कमी झालंय, परत जा. चिठ्ठीवर मत नको, घडलेलं हवं. ‘लोकांना तंत्रज्ञान जमत नाही’ ही चिठ्ठी फाडून टाका. ‘पावती न बघता पदराला बांधली, घरी नातवाकडून वाचून घेतली’ ही ठेवा.

मग जमिनीवर पसरून एकमेकींच्या जवळच्या चिठ्ठ्या एकत्र करा. गटांना ‘फॅट’, ‘बिल’, ‘पावती’ अशी एकशब्दी नावं दिलीत तर त्यातून काहीच हाती लागत नाही, ते नुसतं कपाट आवरणं होतं. नाव पूर्ण वाक्यात द्या : ‘फॅट कमी लागली की लोक आधी मशीनवर संशय घेतात, मग वैरणीवर.’ ‘बिलातली कपात बिल आल्यावरच कळते.’

आता अडचण एका वाक्यात बांधा. साचा सोपा आहे : कोणाला, कोणत्या वेळी, काय करायचंय, पण कशामुळे अडतं. कच्चं वाक्य असं असतं : ‘शेतकऱ्यांना पारदर्शक डिजिटल व्यासपीठाची गरज आहे.’ यावरून कोणीच काही बांधू शकत नाही. पक्कं वाक्य असं : ‘रोज दूध घालणाऱ्या, पण स्वतःचा फोन नसलेल्या बाईला, आजची फॅट कालपेक्षा कमी का हे घरी गेल्यावर समजून घ्यायचंय, पण कालची पावती सापडत नाही आणि फोन घरात नसतो.’ लांबलचक आहे, असू दे. याच्यावर पुढचं प्रत्येक चित्र तपासता येतं.

पर्सोना नावाचा प्रकार तुम्ही ऐकला असेल : काल्पनिक माणसाचं नाव, फोटो, छंद असलेला तक्ता. नवशिक्यांनी तो टाळलेला बरा. छंद लिहिण्यात तास जातो आणि त्यातलं निम्मं मनानं घातलेलं असतं. त्याऐवजी ‘किटलीवाली’, ‘फोनवाला’, ‘सचिव’ अशी तीन कामं भिंतीवर लिहा आणि प्रत्येकाखाली खऱ्या चिठ्ठ्या डकवा.

चौथा आठवडा : कागदावर

ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ घरं होतात. आठ मिनिटांचा गजर लावा आणि प्रत्येक घरात एक वेगळी कल्पना काढा. पहिल्या तीन कल्पना सगळ्यांना सुचतात त्याच असतात. पाचव्यापासून हात अडखळतो आणि मजा सुरू होते. थोडं थांबून दुसरी फेरी करा. आठातल्या निदान दोन कल्पनांमध्ये अ‍ॅप नको, ही अट घाला. पावतीवर आजच्या शेजारी कालची फॅट छापणं, ठरल्या वेळी घरच्या साध्या फोनवर आवाजातला निरोप, संस्थेच्या भिंतीवर दरपत्रक मोठ्या अक्षरांत लावणं. अ‍ॅप शिकायला आलेल्याला हे उलटं वाटतं, पण अ‍ॅपची गाठ या उपायांशीच असते. पावती फुकट मिळते, तिला चार्जिंग लागत नाही.

निवडलेल्या कल्पनेचा कागदी नमुना करा. ए-फोर कागद आडवा तीन आणि उभा दोन असा कापला तर साधारण सात बाय पंधरा सेंटीमीटरचे सहा तुकडे मिळतात. जवळजवळ फोनचाच आकार. जाड मार्करनं काढा, म्हणजे बारीकसारीक घालता येत नाही. बोटानं दाबायची कोणतीही जागा नऊ मिलिमीटरपेक्षा लहान नको. पाच ते सात तुकड्यांत काम संपलं पाहिजे.

आकडे मात्र खरे वाटतील असे घाला आणि गुणाकार बरोबर करा. उदाहरणार्थ : म्हैस, सकाळ, ४.६ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, दर ५५.२०, रक्कम २५३.९२. रक्कम चुकली तर उत्पादक तिथेच थांबतो, हिशोब मांडतो, आणि तुमची चाचणी बटणाची राहत नाही, गणिताची होते.

इथे विषयाची माहिती नसली की कसं फसायला होतं, त्याचा नमुना बघा. ‘आज–काल तुलना’ दाखवायची म्हणून नवशिका सकाळची फॅट आदल्या संध्याकाळच्या फॅटशेजारी ठेवतो. पण दोन धारांमधलं अंतर कमी असलं की फॅट साधारणपणे जास्त लागते, त्यामुळे दिवसाच्या थोड्या तासांनी काढलेल्या संध्याकाळच्या दुधाला आणि रात्रभराच्या सकाळच्या दुधाला एकाच पट्टीनं मोजलं तर रोज सकाळी फॅट ‘घसरलेली’ दिसेल. सकाळ सकाळशी, संध्याकाळ संध्याकाळशी लावा. गाय आणि म्हैस तर वेगळीच. दर ठरवताना म्हशीसाठी ६.० फॅट–९.० एसएनएफ आणि गाईसाठी ३.५–८.५ हे आधार धरले जातात, हे आकडे पाठ असू द्या. कमी फॅटला लाल रंगही देऊ नका. लाल म्हणजे ‘पाणी घातलं’ असा आरोप वाटतो. साधा खालचा बाण आणि ‘०.४ कमी’ एवढं पुरतं, आणि रंग नीट न ओळखणाऱ्यालाही ते कळतं.

पाचवा आठवडा : स्क्रीन आणि आपली लिपी

आता फिग्मा किंवा पेनपॉट उघडा. पेनपॉट मुक्त स्रोत आहे, फिग्माची फुकट पातळी या कामाला पुरते. ३६० बाय ८०० ची चौकट घ्या, कडेला १६ ची मोकळी जागा. दाबायची जागा निदान ४८ डीपी. इथला डीपी म्हणजे पडद्याचं माप, शेतातली विजेची डीपी नव्हे. मजकूर १६ एसपीच्या खाली आणू नका, मुख्य आकडा २८ ते ३२. एसपी हे माप फोनमधल्या अक्षर-आकाराच्या सेटिंगप्रमाणे वाढतं. अँड्रॉइड १४ मध्ये ते दुप्पट होऊ शकतं, म्हणून प्रत्येक स्क्रीन एकदा दुप्पट अक्षरांत काढून बघा. दोन रकाने शेजारीशेजारी ठेवलेली मांडणी पहिल्यांदा तिथेच कोसळते.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर नेहमीच्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवं. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंगसंकेताचा राखाडी जेमतेम पास होतो, ९९९९९९ नापास. डिझाइनच्या प्रदर्शनात फिकट राखाडी सुरेख दिसतो, गोठ्याबाहेरच्या उन्हात तो गायब होतो.

देवनागरीची पथ्यं मात्र इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर. ओळीची उंची अक्षराच्या १.५ ते १.६ पट ठेवा, रोमनची १.२ पट वापरली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फॉन्ट निवडताना ‘गुऱ्हाळ’, ‘पूर्ती’, ‘सर्वांत’ हे तीन शब्द टाईप करा. रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले, किंवा ‘ऱ्ह’ मोडला, तर तो फॉन्ट सोडा. मुक्ता, हिंद, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलीय का ते बघा; सोय असलेले फॉन्ट मग मराठी वळण दाखवतात. बटणाची रुंदी आधी ठरवून मजकूर त्यात कोंबू नका.

शब्द पावतीवरचे आणि रांगेतले घ्या. ‘स्निग्धांश’, ‘प्रमाणीकरण’, ‘सादर करा’ हे शब्द शुद्ध आहेत, पण ते ऐकले की माणूस तहसील कचेरीत गेल्यासारखा दचकतो. ‘फॅट’, ‘दर’, ‘कपात’, ‘उचल’, ‘पुढे’ बरे. आकडे मराठी की इंग्रजी? पावतीवर जसे छापलेले असतील तसेच. दोन्ही शेजारी धरून जुळवता आले पाहिजेत.

नेट नसतानाही शेवटची माहिती दिसली पाहिजे, आणि ती कधीची आहे हे तिथेच लिहिलं पाहिजे : ‘सकाळी ७:४० पर्यंतचं’. मुलगा ड्युटीवरून स्क्रीनशॉट काढून घरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, हे गृहीत धरा. म्हणून तारीख, सकाळ–संध्याकाळ, गाय–म्हैस आणि उत्पादक कोड एकाच स्क्रीनवर हवेत. वर सरकवून दिसणारी तारीख स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

चाचणी : थोडी माणसं, चार कामं

याच आठवड्याच्या शेवटी पहिली चाचणी. जागा त्यांची ओसरी, फोन साधा अँड्रॉइड, शक्यतो त्यांच्या हाताला सवय असलेला. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. आदल्या दिवशी मित्रावर एकदा रंगीत तालीम करा. स्क्रीन-स्क्रीनमधले तुटलेले दुवे तिथेच सापडतात. सुरुवातीला सांगा : ‘परीक्षा या चित्राची आहे, तुमची नाही. मनात येईल ते बोलत राहा.’ मग कामं द्या :

१. काल संध्याकाळी किती लिटर भरलं ते बघा.
२. आज सकाळची फॅट कमी लागली असं वाटतंय. खरंच कमी आहे का?
३. पुढच्या बिलात पेंडीचे किती कापणार?
४. हे मुलाला पाठवायचंय.

स्क्रीनवर लिहिलेला शब्द कामात वापरायचा नाही. बटणावर ‘कपात’ असेल आणि तुम्ही ‘कपात बघा’ म्हणालात, तर ती शब्द जुळवण्याची कसोटी होते. माणूस अडला की मनात दहापर्यंत मोजा. ‘इथं दाबू काय?’ असं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणा. बोट आपसूक बटणाकडे जातं, म्हणून दोन्ही हात मागे बांधून बसा. गंमत नाही, खरंच बसा.

प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक खूण करा : स्वतः केलं, सूचनेनं केलं, अडलं. शेजारी कुठे अडलं आणि तोंडातून काय निघालं ते लिहा. सापडलेल्या दोषांना वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नील्सन याच्या पद्धतीप्रमाणे ० ते ४ असे गुण द्या : ० म्हणजे दोषच नाही, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रकमेचा गैरसमज होत असेल तर तो नेहमी ४. आयकॉन कळला नाही, पण खालचा शब्द वाचून काम झालं, तर १ किंवा २.

‘पाच जणांत ८५ टक्के दोष सापडतात’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. त्यामागचा हिशोब समजून घ्या. नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या मांडणीत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात असं धरलं आहे; त्यावरून पाच जणांत ८५ च्या आसपास येतात. एखादा दोष दहातल्या एकालाच अडवत असेल तर पाच जणांत तो दिसण्याची शक्यता ४१ टक्केच उरते. शिवाय हे पाच जण एकाच प्रकारचे असावे लागतात. आपल्याकडे किटलीवाली आणि फोनवाला असे दोन गट आहेत, म्हणून प्रत्येकी तीन-चार जण घ्या. पंधरा जणांची एकच मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या केव्हाही चांगल्या, कारण मध्ये दुरुस्ती करता येते.

जॉन ब्रुकनं १९८६ मध्ये तयार केलेली वापरसुलभता मोजायची, शंभरपैकी गुण देणारी, दहा प्रश्नांची एसयूएस नावाची पट्टीही तुम्हाला दिसेल. तिची सरासरी ६८ मानतात. पाच जणांच्या उत्तरांवर ‘आमचं अ‍ॅप ८२’ असं छापू नका. एवढ्या कमी माणसांत तो आकडा एका नाराज काकांमुळे धडकन खाली येतो.

सहावा आठवडा

आधी ४ आणि ३ गुणांचे दोष दुरुस्त करा, बाकीचे लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीला नवी माणसं घ्या. आधीच्यांना वाट पाठ झालेली असते. पहिल्या फेरीत तीन जण अडलेलं काम दुसऱ्या फेरीत कोणीच अडलं नाही, तरच दुरुस्ती लागू पडली म्हणायची. तेही फक्त त्या कामापुरतं.

पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामाच्या संग्रहात, आठ-दहा पानं पुरतात. चकचकीत स्क्रीन शेवटी ठेवा. आधी वहीचं एक पान, गटाचं नाव असलेल्या चिठ्ठ्यांचा फोटो, ते लांबलचक वाक्य, फेकून दिलेले दोन कागदी नमुने आणि ते का फेकले, मग पहिल्या व दुसऱ्या फेरीचा तक्ता. मुलाखत घेणाऱ्याला रंगांपेक्षा ‘हे का बदललं?’ याचं उत्तर हवं असतं, आणि ते तक्त्यात असतं.

पुढचं वाचायचं असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर डिझाइनचे अभ्यासक्रम फुकट आहेत. इंग्रजी जड वाटलं तर व्हिडिओ अर्ध्या वेगानं लावा, शब्दांची वही करा.

शेवटी रेकॉर्डिंग पुसा आणि एका कागदावर पाच ओळींत काय सापडलं ते लिहून सचिवांना नेऊन द्या. त्यात अ‍ॅपचं चित्र नसलं तरी चालेल. ‘पावतीवर आदल्या दिवशीची त्याच वेळची फॅट छापली तर विचारायला येणारे कमी होतील का?’ एवढं विचारा. त्यांचं सॉफ्टवेअर तेवढं करू देतं की नाही, हे त्यांनाच माहीत असतं, आणि बहुतेकदा मशीनवाल्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये असतो.